शेल्टरमधली बियर

बुकित बातोकला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ कुठलंही काम "थिअरी पक्की आहे, वहिनी," असं म्हणून सुरू करतात आणि चष्मा वर सरकवतात. ते ऐकलं की मी आधी आमचं दार लावून घेते.

यंदा त्यांनी घरी बियर करायला घेतली. आंबवायच्या बादलीला गारवा हवा म्हणून एसीची बेडरूम बादलीला दिली आणि नवराबायको हॉलमध्ये घामाघूम झोपू लागले. बाटल्या भरताना बियरमध्ये गॅस धरावा म्हणून घालायची साखर त्यांनीही घातली आणि, राहिली असेल म्हणून, बायकोनेही. आता गॅस वाढून बाटल्या फुटणार, म्हणून त्यांनी त्या घरातल्या बॉम्ब शेल्टरमध्ये कोंडल्या. जाड भिंतींची, लोखंडी दाराची ही खोली इथल्या फ्लॅटांत सरकारी नियमाने असतेच; आम्ही सगळे ती कोठी म्हणूनच वापरतो.

"अहो, आत आईचं लोणचं आहे!" त्यांची बायको किंचाळली. माझ्याकडे हेल्मेट मागायला ते आले, तेव्हा मला हे सगळं कळलं.

हेल्मेट, रेनकोट घालून आणि पोळपाट ढालीसारखा धरून ते आत शिरले. त्यांची बायको आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात दडून बसलो. बरणी पोटाशी धरून ते बाहेर आले, पायाने दार लोटलं आणि आत धडामकन आवाज झाला.

मला वाटलं, आता हे रडणार.

"ऐकलंत ना, वहिनी?" हेल्मेटमधला चेहरा उजळला होता. "गॅस धरला!"