देवराम भोये आणि आमचा रडका पंप

मागच्या वर्षी आमच्या श्रमिकनगरच्या बिल्डिंगमध्ये एक बातमी फिरली. दुसऱ्या मजल्यावरचे देवराम भोये म्हणे स्क्रू ड्रायव्हरचं टोक भिंतीला लावतात, मूठ कानाशी धरतात आणि शेजाऱ्यांची भांडणं ऐकतात. बातमी सात घरांत पोचली. त्यातल्या पाच घरांत मीच पोचवली, म्हणून खात्रीनं सांगतो, ती साफ खोटी होती. ती भिंत नव्हतीच. जिन्याखालच्या पाण्याच्या पंपाची मोटर होती, आणि भांडण चाललं होतं ते आतल्या छर्‍यांचं.

देवरामभाऊ मूळचे सुरगाण्याकडचे. तरुणपणी द्राक्षबागेत छाटणीला आले, मग सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये झाडू मारायला राहिले. आज सव्वीस वर्षं झाली. कुठल्याही कारखान्याचं बेअरिंग आलं की ते यांच्याच टेबलावर जातं. बेअरिंग म्हणजे एकात एक दोन पोलादी कडी आणि मध्ये छर्रे. फिरणाऱ्या दांड्याचा सगळा भार त्यांच्यावर. हे ज्ञान मला त्यांनीच दिलं. त्यांच्या बायकोचं, पुतळाबाईंचं म्हणणं वेगळंच. "माझ्या बांगड्यांकडं कधी बघितलं नाय, पण त्या कड्यांना बाळंतिणीच्या पोरासारखं न्हाऊ घालत्यात."

तर शुक्रवारी भाऊ जिन्याखालून वर आले आणि सोमनाथला म्हणाले, "बेअरिंग रडतंय. उद्या पंप उघडू द्या."

सोमनाथ तळमजल्यावर राहतो, टायरचं दुकान चालवतो आणि पंपाची किल्ली त्याच्याकडे असते. रविवारी त्याच्या मुलीची, चैतालीची हळद होती. तो उडालाच.

"चालता पंप उघडायचा? परवा साठ पाहुणे येतील. त्यांना काय कोरडी हळद लावू?"

"उद्या नाय उघडला तर ऐन हळदीत जाम होईल. मी उघडला आणि नाय चालला, तर साठ माणसांचं पाणी मी वाहीन. खांद्यावरून."

सोमनाथनं किल्ली काढून दिली. हे वचन मी लगेच मजल्यामजल्यावर कळवलं. उद्याचा खेळ फुकट होता.

शनिवारी सकाळी भाऊंनी आधी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढले आणि खिशात टाकले. मांडवात शेगडी पेटलेली बघून आपलं रॉकेलचं ताट उचललं आणि पार मागच्या अंगणात, उघड्यावर नेलं. हात धुतले, रबरी मोजे चढवले, डोळ्यांवर मोठा चष्मा. मी विचारलं, "मोतीबिंदू काढताय का काय?" पुलरच्या आकड्यांत धरून त्यांनी बेअरिंग अलगद ओढून काढलं, हातोड्याला हात नाही. आत ग्रीसचा नुसता काळा चिकट गोळा. रॉकेलमध्ये भिजवलं, मऊ ब्रशनं धुतलं, पुन्हा दुसऱ्या स्वच्छ रॉकेलमध्ये. मी पुसायला चिंधी पुढं केली. "तिचे धागे आत अडकतात," म्हणत त्यांनी पिशवीतून जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराचा तुकडा काढला. आमच्या घरात पाहुण्यांच्या ताटालासुद्धा एवढं सोवळं नाही!

तेवढ्यात सोमनाथ आपल्या दुकानातला कॉम्प्रेसर घेऊन आला. "कशाला पुसत बसता? हवा मारू, मिनिटात सुकेल!" टायरवाल्यांची ही जुनी गंमत. धुतलेल्या बेअरिंगवर हवा सोडायची, की ते भिंगरीसारखं गरगरतं आणि शिट्टी घालतं. आम्ही शिट्टी ऐकायला पुढं सरकलो.

भाऊंनी त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की सोमनाथच्या हातातली नळी गळाली.

"मीपण वाजवली होती एकदा," त्यांनी चष्मा वर केला. डाव्या भुवईत एक पांढरा चर होता. "तेल नसताना गरगरवलं, कडं फुटलं. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा.

मग त्यांनी मोजे काढले आणि छर्रे धावतात त्या कड्यातल्या वाटेवरून नख फिरवायला लागले. "कुठं अडकलं तर हे फेकायचं. मग नवीन मिळेपर्यंत पाणी मी वाहणार." नख फिरत होतं आणि चैताली उद्याच्या हळदीचं ताट धरून दारात उभी होती. पूर्ण फेरा झाला. कुठंच अडकलं नाही. भाऊंनी लगेच तेलाचा हात फिरवला, गंज धरू नये म्हणून, मग बोटानं थोडं ग्रीस भरलं. सोमनाथ कुरकुरला, "भरा की सढळ हातानं!"

"गच्च भरलं की तापतं. तुझ्या जावयाला लाडू दे गच्च."

दुपारी बेअरिंग परत जागेवर बसलं आणि फ्यूज खिशातून बाहेर आले. पंप सुरू झाला, टाकीत पाणी पडायला लागलं. रविवारी साठ पाहुणे हळद धुऊन गेले आणि भाऊंच्या खांद्याला घागर लागली नाही. सोमनाथनं सगळ्यांच्या आधी पहिली हळद त्यांच्या भुवईच्या त्या चराला लावली.

मग मी भाऊंच्या मागोमाग जिन्याखाली गेलो. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. टोक मोटरच्या अंगाला, मूठ कानाशी. आत एकसारखी, बारीक घुंई.

"भाऊ, आता काय म्हणतंय हे?" मी डोळा मारून विचारलं.

देवरामभाऊ म्हणाले, "तुमच्यापेक्षा कमी बोलतंय, आणि काम करतंय."