फेरी पलीकडे लागेपर्यंत

हमीद सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी श्रीवर्धनच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवत होते. दिघीला पोचले तोवर फेरी सुटली होती. पुढची धरून खाडीपलीकडे माहेरी, आगरदांड्याला उतरले, तर दफन उरकून माणसं परतत होती. ज्यांनी मला दर खेपेला धक्क्यावर पोचवलं, त्यांनाच पोचवायला मी नव्हते... याची चुटपुट काही केल्या जाईना.

'सी ऑफ' करणं मला शिकवलं सरांनीच. आठवीत त्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेत मी 'निरोप देणे' असा अर्थ लिहिला, तर अर्धाच गुण मिळाला. मी तावातावानं भांडायला गेले. सर म्हणाले, "निरोप काय गो, उंबऱ्यातनं पण देतात. सोमवारी धक्क्यावर ये, उरलेला अर्धा तिथं देतो."

सोमवारी आमच्या शाळेचे शिपाई गणूमामा निवृत्त होऊन दिघीला आपल्या घरी निघाले होते. अख्खा वर्ग धक्क्यावर. फेरी सुटली, हात हलवून झाले आणि आम्ही वळलो. सर खेकसले, "थांबा! मानूस अजून पान्यात हाय. पाठ काय फिरवता रे?" मग फेरी काडेपेटीएवढी होऊन पलीकडे लागेपर्यंत आम्ही उन्हात उभे. पोटात कावळे कोकलत होते, पण हलायची कुणाची टाप! पुढे गणूमामा भेटले की सांगायचे, धक्क्यावरचे पांढरे गणवेश निम्म्या वाटेपर्यंत दिसत होते.

लग्न होऊन मीच पलीकडची झाले. माहेराहून निघाले की सर धक्क्यावर हजर, हातात त्यांच्या बहिणीनं, आमच्या आपानं, बांधून दिलेला सांदणांचा डबा. दिघीला उतरून मी फोन करायचा, "सर, लागली फेरी. जा आता घरी." मगच ते वळणार. गुडघे दुखायला लागल्यावर मी रागवायची, तर म्हणायचे, "तुझा अर्धा गुन परत काढून घेऊ काय?" फार सुखाचे होते ते फोन.

गेल्या आठवड्यात आपाकडे गेले आणि मनातलं सगळं बोलून रडले. "अगो, येत तर व्हतीस ना तू?" एवढंच म्हणून तिनं डबा हातात दिला. ऊन होतं, म्हणून मी तिचा निरोप उंबऱ्यातच घेतला. फेरीत धक्क्याकडे पाठ करून बसले. रिकामा बघवला नसता. दिघीला उतरले. अंगठा सवयीनं सरांच्या नावावर गेला आणि थबकला... तेवढ्यात फोनच वाजला. सरांचाच नंबर.

"लागली काय गो फेरी?" आपा विचारत होती. "सांग लवकर, उन्हात उभी हाय मी धक्क्यावर."

"लागली, आपा. जा आता घरी."