पहाटेनंतर एकदम मध्यरात्र

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार संशयी माणसं दर रविवारी एका दुकानात बसली की ते आपोआप साचतात, जशी रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर धूळ साचते. मला रोजचं रोज वहीत लिहून ठेवायची सवय आहे, एवढंच. म्हणून हे सगळं क्रमाने सांगता येतंय. क्रमाचं महत्त्व आम्हाला फार उशिरा कळलं, ते पुढे येईलच.

दुकान सिद्रामप्पाचं. सोलापुरात साखर पेठेत रेडिओ दुरुस्तीचं. दुसरा कांबळे, पोस्टात सॉर्टर. तिसरा नरसय्या, चादरींच्या नक्षीसाठी मागावरच्या जकार्डचे पुठ्ठे भोकं पाडून ओवायचा. चौथा मी, माने, मिलच्या टाइम ऑफिसातला कारकून. चौघांना जोडणारी गोष्ट एकच, रमाकांत आंबर्डेकरांची गाणी. त्यातही सिद्रामप्पाचं वेड वेगळं. लहानपणी शेजारच्या खिडकीतून आंबर्डेकरांचं गाणं ऐकू आलं, गाणं संपायच्या आत रेडिओ बंद पडला, आणि तो दुरुस्त करता यावा म्हणून हा माणूस हे काम शिकला!

*

साठी उलटल्यावर आंबर्डेकरांनी एकदम तीन लाँग प्ले रेकॉर्डींचा संच काढला. सहा बाजू, एकतीस गाणी, जाड पुठ्ठ्याची पेटी. आम्ही चौघांनी मिळून मुंबईहून मागवला.

पेटी टेबलावर ठेवली आणि कुणीच उघडेना.

“एवढी गाणी एकदम?” सिद्रामप्पा म्हणाला. “मानूस घाबरलाय. पुन्यांदा कोन बोलवतंय का न्हाय, म्हणून सगळं एकदाच वतलंय.”

कांबळेंचा संशय वेगळा. “जुनी गाणी असतील. नवीन पेटीत घातलीत. आमच्याकडे पाकीट फाटलं की आम्ही नवीन पाकिटात घालतो, तसं.”

नरसय्याने पेटी कानाशी धरून हलवून पाहिली.

“अरे, खोबरं हाय का ते!” सिद्रामप्पा ओरडला.

मग पहिली रेकॉर्ड लावली. पहिली बाजू सुरेख होती. पहाटेची पाच गाणी. रेकॉर्ड उलटली, तर एकदम मध्यरात्र, निरोप, विझलेला कंदील! दुसरी रेकॉर्ड लावली, तर शाळेला निघालेली पोरं. ती उलटली, तर दिवेलागण. तिसऱ्या रेकॉर्डवर भर दुपार, आणि संच संपला कुठे, तर तिसऱ्या प्रहरी चहाला!

सिद्रामप्पा म्हणाला, “ह्यात कशाचा कशाला मेळ न्हाय. पहाट झाली की लगेच मसणवाट! म्हातारा चळला की रं.”

*

पुढच्या रविवारी कांबळे नवीनच संशय घेऊन आले. पहिल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आंबर्डेकर गातच नाहीत! आवाज खाली गेलाय, श्वास ऐकू येतो. कुणी तरी नकल्या बसवलाय.

दोन तास वाद. सिद्रामप्पाने जुनी रेकॉर्ड काढली. मी दोन्ही आवाजांतले फरक वहीत दोन रकाने करून लिहिले. नरसय्या डोळे मिटून ऐकत होता. निकाल लागेना.

दुकानाच्या मागेच सिद्रामप्पाचं घर. शेवटी त्याने बायकोला हाक मारली. महादेवीवहिनी भाकरी थापत होत्या, पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या.

“हे ऐक. ह्यो कोन गातोय?”

वहिनींनी एक कडवं ऐकलं.

“कोन म्हंजे? त्योच हाय की तुमचा.”

“मग आवाज असा का?”

“दात काढून घेतल्यात त्यानं,” वहिनी म्हणाल्या आणि तव्याकडे गेल्या.

*

आता माझा किस्सा. हा टाळला असता, पण वहीत आहे.

रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर बारीक अक्षरात बाजूचा क्रमांक छापलेला असतो. एकदा पुसताना माझ्या लक्षात आलं की पहिल्या रेकॉर्डवर एकीकडे एक आणि दुसरीकडे सहा छापलंय. दुसरीवर दोन आणि पाच. तिसरीवर तीन आणि चार.

“छापखान्यातला मानूस पेंगला असंल,” सिद्रामप्पा म्हणाला.

“कंपन्यांचं कामच असलं,” कांबळे म्हणाले. “पत्तासुद्धा धड लिहीत नाहीत.”

चूक दिसली की मला झोप येत नाही. मी घरून पांढऱ्या कागदाच्या सहा चिठ्ठ्या कापून आणल्या, त्यांवर टाकाने सुबक आकडे काढले, आणि खळ लावून छापील आकड्यांवर चिकटवल्या. पहिली रेकॉर्ड एक-दोन, दुसरी तीन-चार, तिसरी पाच-सहा.

सगळ्यांनी कौतुक केलं. सिद्रामप्पा म्हणाला, “माने, तुमाला कंपनीत घ्याला पायजे हुतं!”

*

मग पत्राचा किस्सा. सिद्रामप्पाचा राग काही उतरेना. ज्या माणसापायी आपण धंदा धरला, त्याने असा पसारा मांडावा? त्याने मला समोर बसवलं आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. त्याची बोली मी कागदावर शुद्ध करत होतो.

मी लिहिलं, ‘आपल्या नवीन संचात आरंभ आहे, शेवट आहे, पण एकमेकांशी नातं नाही. आम्ही आपले जुने श्रोते आहोत, म्हणून लिहितो. आपण आता थांबावं.’

“‘थांबावं’ जरा कडक होतंय अप्पा,” मी म्हणालो.

“होऊ द्या की. आपल्या मानसाला आपन न्हाय सांगायचं तर कोन सांगनार?”

खाली सही त्याने एकट्याने केली. आम्ही तिघे नाही म्हणालो नाही आणि सहीही केली नाही.

कांबळे पाकीट घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुकानावर येऊन म्हणाले, “अप्पा, काळजी नको. मी स्वतःच्या हाताने मुंबईच्या पोत्यात टाकलंय. बाकी टपालाचं सांगता येत नाही, पण हे पोचणारच!”

उत्तर आलं नाही. सिद्रामप्पा म्हणायचा, “फाडलं असंल.” कांबळेंना त्यात पोस्टाचा अपमान वाटायचा. “पोचल्यावर फाडलं तर फाडलं!”

*

वर्षभराने दुधनीचे एक धान्याचे व्यापारी, बसवराज, रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले. फळीवरची पेटी बघून त्यांचा चेहराच उजळला.

“भाळ छलो अदरी! फार उत्तम संच आहे. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच दिवस. पहाटे धरतो आणि मध्यरात्री सोडतो. आमच्या घरी लागला की कुणी उठत नाही.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते गेल्यावर कांबळे हळूच म्हणाले, “कंपनीचा माणूस असणार. गावोगावी फिरून स्तुती करायला ठेवला असेल.”

“धान्याचा व्यापारी हाय त्यो, मी वळखतो त्याला.”

“तेच म्हणतो मी. संशय येऊ नये म्हणून!”

नरसय्याने एकच विचारलं, “त्यांच्याकडे मशीन कुठला?”

सिद्रामप्पाने सांगितलं, चेंजर. त्याला मधे उंच दांडी असते. तीन रेकॉर्डी एकदम चढवायच्या, एक वाजून झाली की दुसरी आपोआप खाली पडते. तिन्ही झाल्या की सगळी चळत एकदम उलटी करून परत चढवायची.

नरसय्या उठला आणि तडक घरी गेला.

*

पुढच्या रविवारी तो ओला फडका घेऊन आला. पेटी उघडली आणि माझ्या चिठ्ठ्या भिजवायला लागला.

“अरे नरसय्या! किती मेहनतीने लावल्यात!”

“मानेभाऊ, थोडा थांबा.”

चिठ्ठ्या निघाल्या. खाली छापील आकडे जसेच्या तसे. एक आणि सहा. दोन आणि पाच. तीन आणि चार.

नरसय्या फार बोलत नाही, त्या दिवशी बोलला. “चादरीवर मोर काढायचा तर मी शेकड्यांनी पुठ्ठे ओवतो. एक पुठ्ठा चुकून पुढे गेला, तर मोराचा पाय त्याच्या मानेवर येतो. मालक म्हणतो, नक्षी काढणारा येडा आहे. नक्षी बरोबर असते. ओवणारा चुकलेला असतो.” मग त्याने रेकॉर्डींवर बोट ठेवलं. “हे चेंजरसाठी काढलंय. एक, दोन, तीन वरून. मग चळत उलटी. चार, पाच, सहा.”

आमच्या दुकानात साधा प्लेअर. आम्ही पहिली रेकॉर्ड वाजवून लगेच उलटत होतो. म्हणजे एक झालं की सहा!

सिद्रामप्पाने दाराला अर्धी फळी लावली. पहिल्या रेकॉर्डची पहिली बाजू लावली, ती काढली, दुसरीची लावली, मग तिसरीची. पहाट झाली, पोरं शाळेला गेली, ऊन चढलं. तिसरी उलटली, चहा झाला. दुसरी उलटली, दिवे लागले. शेवटी पहिलीची मागची बाजू. तोच खाली गेलेला आवाज, तोच ऐकू येणारा श्वास. दिवसभर राबलेला माणूस कंदील विझवताना दुसऱ्या कुठल्या आवाजात गाणार?

सुई शेवटच्या रेघेत घरघरत राहिली. ती उचलायला कुणी उठलं नाही. मी वहीत काहीच लिहिलं नाही, फक्त त्या दिवसाची तारीख आहे.

सिद्रामप्पा म्हणाला, “कांबळे, ते पत्र परत आनता येतंय का?”

“अप्पा, वर्ष झालं!”

“तुमीच म्हनला हुता, स्वतःच्या हातानं टाकलं म्हणून.”

कांबळेंनी आयुष्यात पहिल्यांदा पोस्टाची बदनामी केली. “गहाळही झालं असेल हो. खूप पत्रं गहाळ होतात.”

*

त्यानंतर सिद्रामप्पा बदललाच. गिऱ्हाइकाने रेडिओ आणला तर उघडून तसाच बसायचा. आंबर्डेकरांनी त्या संचानंतर नवीन एकही गाणं केलेलं नव्हतं. आधी आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, दुसरं पत्र लिहू, मजकूर मी करतो. तो म्हणाला, “नगं. पत्रानं केलंय ते. आता तोंडानं सांगनार.”

तशी संधी आली. आंबर्डेकरांचा कार्यक्रम सोलापुरात ठरला. अर्धा तास आधीच आम्ही चौघे पेटी घेऊन नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी हजर. दारातला व्यवस्थापक आमच्याकडे संशयाने बघत म्हणाला, “सह्या नंतर.”

कांबळेंनी खिशातलं ओळखपत्र काढलं. “पोस्टाचं काम आहे. एका पत्राची चौकशी.”

त्याने सोडलं!

आत आंबर्डेकर एकटेच बसले होते. गळ्याला मफलर, समोर कोरा चहा. वाटलं होतं त्यापेक्षा लहानखुरे. सिद्रामप्पाने वाकून नमस्कार केला आणि घरून पाठ करून आलेलं सगळं विसरला.

“मी सिद्रामप्पा. रेडिओवाला. मी तुमाला पत्र लिवलं हुतं.”

आंबर्डेकरांनी कप खाली ठेवला. “‘आपण आता थांबावं.’ तेच ना?”

कांबळेंनी मान खाली घातली. पत्र पोचलं होतं.

“अक्षर सुंदर होतं,” ते म्हणाले. मला कुठे बघावं कळेना. “आधी राग आला. मग वाटलं, एकदा नीट ऐकू तरी. तोवर मी संच पुरा ऐकलाच नव्हता, स्वतःचं कोण ऐकतं? नातीने रेकॉर्ड लावली. एक बाजू झाली की उलटायची, मग दुसरी. मी पडून ऐकलं. मी लिहून दिलेला क्रम असा नव्हता. म्हटलं, कंपनीने बदलला, आता या वयात कोण भांडणार? पण ऐकत गेलो तसं वाटलं, क्रमावर कशाला ढकला? गाण्यांतच दम असता तर कशीही लावली तरी उभी राहिली असती. तुमचं बरोबर होतं. तेव्हापासून नवीन काही केलं नाही. आजही जुनीच म्हणणार आहे.”

सिद्रामप्पा नुसता पेटीकडे हात दाखवत राहिला.

शेवटी नरसय्याने पेटी उघडली. चहाचा कप बाजूला सरकवला आणि तिन्ही रेकॉर्डी ओळीने मांडल्या. आकड्यांवर बोट ठेवत म्हणाला, “एक. दोन. तीन.” मग शेवटच्या रेकॉर्डपासून मागे येत एकेक उलटत गेला. “चार. पाच. सहा.”

आंबर्डेकरांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला. पहिली रेकॉर्ड हातात घेतली. एक वाचलं. उलटली. सहा वाचलं. परत उलटली.

“चेंजरची हाय ती, साहेब,” सिद्रामप्पा म्हणाला. “आमी बी उलटीच ऐकली. मी चुकलो. आता सरळ ऐकली. माझ्या दुकानात.”

बाहेर लोक आत येत होते, खुर्च्या वाजत होत्या. घंटा झाली. मग आणखी एक झाली. व्यवस्थापकाने दारातून डोकं आत घातलं.

“साहेब, तिसरी घंटा देऊ ना?”

आंबर्डेकरांनी मान वर केली नाही. रेकॉर्ड तशीच हातात धरून त्यांनी सिद्रामप्पाला विचारलं, “दुकान किती लांब आहे?”