जयवंताच्या कपाटातला फॉर्म

जयवंता खंडारे अमरावतीच्या त्या कॉलेजात शिपाई म्हणून लागली, तेव्हा तिला कबड्डीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. भातकुलीकडच्या तिच्या गावात पोरं कबड्डी खेळायची आणि पोरी गोवऱ्या थापायच्या. नवरा कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं, पण ग्रंथालयवाल्या सरांना बाई शिपाई नको होती. सातवी शिकलेली बाई पुस्तकं उलटी लावील, असं त्यांना वाटलं. मग तिला खेळ विभागात ढकललं. तिथे उलटं लावायला काही नव्हतंच. एक फुटका कॅरम, दोन बसलेले व्हॉलीबॉल आणि एक लोखंडी कपाट, त्याची चावी हरवलेली.

जयवंताने पहिल्या आठवड्यात चावी शोधली आणि पुढची सव्वीस वर्षं ती कमरेला खोचून ठेवली.

काम ती बघूनबघून शिकली. सुतळी ताणून मैदानावर चुन्याच्या मधल्या, बोनसच्या, कडेच्या रेघा मारायच्या, जर्सी धुऊन वाळवायच्या, पोरी पडल्या की बर्फ आणायचा. हळूहळू तिला इतकं कळायला लागलं, की नवी पोरगी फाटकातून आत येतानाच ती सांगायची, ही चढाईवाली आहे, ही पकडीची आहे, अन् ही फक्त हजेरी माफ व्हावी म्हणून आली आहे. पोरी तिला मावशी म्हणायच्या. सर लोक जयवंताबाई म्हणायचे, आणि तेही चहा पाहिजे असला की.

आता कलर कोटाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे कॉलेजा-कॉलेजांच्या सामन्यांतून पोरं निवडून विद्यापीठाचा संघ करतात. त्या संघातून जो दुसऱ्या विद्यापीठांशी खेळून येतो, त्याला विद्यापीठ कोट देतं. खिशावर बिल्ला असलेला. एकदा का तो अंगावर चढला, की वऱ्हाडातला माणूस तो उतरवत नाही. भर मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, लग्नाच्या मांडवात कोट घालून घाम पुसणारा कोणी दिसला, तर तो नवरदेव असेल किंवा कलर कोटवाला असेल. नवरदेव निदान संध्याकाळी कपडे बदलतो.

पण या सगळ्याच्या आधी एक कागद लागतो. पात्रता फॉर्म. त्यावर खेळाडूचा फोटो, दहावीची मार्कशीट जोडलेली, खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का. तो ठरल्या तारखेला, ठरल्या वेळेच्या आत विद्यापीठात पोचला नाही, तर पोरगी कितीही वाघीण असो, ती बाहेर बसून टाळ्या वाजवते.

आठ वर्षांपूर्वी दामिनी तशीच बसली होती.

दामिनी नांदगाव खंडेश्वरची. बाप पुंजाजी सायकली दुरुस्त करायचा. पहिल्या वर्षाला आली तेव्हा चपला घालून मैदानात उतरली आणि तिसऱ्या चढाईत पाच जणींना बाद करून, परत येऊन चपला शोधत बसली. जयवंताने त्या दिवशी तिचा फॉर्म आपल्यासमोर भरून घेतला. सही घ्यायचं काम क्रीडा संचालक टवलारे सरांचं. सरांनी फॉर्म टेबलाच्या खणात टाकला आणि ते नागपूरला निघून गेले, कारण तिथे त्यांना आदर्श क्रीडा मार्गदर्शक म्हणून पुरस्कार मिळायचा होता. ते हार घालून परतले तोवर तारीख गेली होती.

त्या दिवसांत दामिनी रोज विचारायची, "मावशी, झाली का सही?" आणि जयवंता रोज म्हणायची, "सर करतीन ना बाई, तू प्रॅक्टिस कर." खण उघडा होता. कागद उचलून आपण स्वतः प्राचार्यांकडे न्यावा, हे तिच्या मनात आलं होतं. पण शिपायाने सरांच्या खणात हात घालायचा नसतो, म्हणून तिने घातला नाही. संघ बसमध्ये बसून गेला. दामिनी अंधार पडेस्तोवर व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभी राहिली. पुढच्या वर्षी तिने अकोल्याच्या कॉलेजात नाव घातलं, तिथून विद्यापीठाकडून खेळली, कोट मिळवला, आणि मग तिला टीव्हीवरच्या लीगवाल्यांनी उचललं. आता ती हैदराबादच्या संघाची कप्तान आहे. दंतमंजनाच्या जाहिरातीत हसते.

तो बिनसहीचा फॉर्म जयवंताने खणातून काढून आपल्या कपाटात ठेवला, जुन्या गुडघापट्ट्यांच्या खाली. कशाला ठेवला, ते तिलाही सांगता आलं नसतं. टाकवला नाही, एवढंच.

दामिनी मोठी झाली तशी तिची कॉलेजंही वाढली. अकोल्याच्या कॉलेजाने स्टँडवर फलक लावला, "आमच्या मातीत घडलेली." अमरावतीने त्याच्याहून चार फूट लांब लावला, "मूळची आमचीच." टवलारे सर तोवर प्राचार्य झाले होते. फलकावर त्यांचा फोटो दामिनीच्या दुप्पट होता, आणि दामिनीच्या छातीवर धुकं होतं. कारण असं, की कॉलेजकडे तिचा एकही फोटो नव्हता. अकोल्याच्या जर्सीतला फोटो घेऊन कॉम्प्युटरवाल्याने नाव तेवढं पुसलं होतं. जयवंताने फलकाकडे बघून म्हटलं, "पोट्टी ढगातून चढाईले निंगाली वाट्टे."

या वर्षी कॉलेजची तपासणी करायला दिल्लीहून समिती यायची होती. समितीला विचारायचं असतं, तुमच्याकडून कोणी मोठं झालं का. टवलारे सरांनी दामिनीचा सत्कार ठरवला. शनिवार, दुपारी तीन वाजता.

आणि त्याच शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, महिला कबड्डीचे फॉर्म विद्यापीठात द्यायची मुदत संपत होती.

या वर्षी संघात प्रतीक्षा नावाची पोरगी होती. जयवंताने तिलाही फाटकातच ओळखलं होतं. नवे क्रीडा संचालक मंडपवाल्याच्या मागे पळत होते, म्हणून प्रतीक्षाचा फॉर्म जयवंता स्वतः घेऊन फिरत होती. बुधवारी सर म्हणाले, उद्या. गुरुवारी म्हणाले, समितीची फाइल चालू आहे. शुक्रवारी ते शाल निवडत होते.

"सर, फकस्त सही पाह्यजे."

"जयवंताबाई, आपण एवढ्या मोठ्या खेळाडूचा सत्कार करतोय, आणि तुम्ही मधेच खेळाचं काय घेऊन बसलात?"

सर असं म्हणाले आणि त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. कार्यालयाचे बाबू देवमनभाऊ मात्र खोकले.

बाहेर प्रतीक्षा उभी होती. त्याच व्हरांड्यात, त्याच खांबापाशी.

"मावशी, झाली का?"

जयवंताच्या तोंडावर आलं, सर करतीन. तिने ते तिथेच गिळलं. "नाई झाली," ती म्हणाली. "उद्या बारा वाजता गाडी घेऊन ये. पेट्रोल भरून."

शनिवारी सकाळी टवलारे सरांनी जयवंताला बोलावलं. आवाज एकदम मऊ.

"जयवंताबाई, समितीला पुरावा लागतो. दामिनी आपल्याकडून खेळली याचा एखादा कागद सापडेल का? तुमच्या कपाटात बघा बरं."

"थे आपल्याकून खेळली नाई ना सर."

"खेळली म्हणजे, खेळणार होती. तेच ते."

"हो, खेळणार होती," जयवंता म्हणाली. "त्याचा कागद हाय."

तिने कपाट उघडून गुडघापट्ट्या बाजूला केल्या. फॉर्म पिवळा पडला होता, पण फोटो शाबूत होता. दोन वेण्या, मोठे कान. खाली सहीची जागा कोरी. तो कागद आणि प्रतीक्षाचा फॉर्म एकावर एक धरून जयवंता सत्काराच्या आधी, अडीच वाजता, प्राचार्यांच्या खोलीत गेली. सकाळनंतर सर कोणाला भेटतच नव्हते. त्यांना फेटा बांधत होते.

पिवळा कागद बघून सरांचे डोळे भरून आले. "हे तर सोनं आहे. फक्त सही राहिलीय. आणा इकडे, मी त्या वर्षीच्या तारखेने करून टाकतो."

"तवा तुमी प्राचार्य नव्हते," देवमनभाऊ म्हणाले.

"समितीला काय माहीत?" सरांनी पेन काढला.

जयवंताने कागद मागे घेतला. सव्वीस वर्षांत तिने सरांसमोरून कागद मागे घेतला नव्हता. आज घेतला, आणि प्रतीक्षाचा फॉर्म पुढे केला.

"सर, फॉर्म दोन हायेत. ह्याले आठ वर्स उशीर झाला, अजून अर्धा घंटा झाला तं काई बिघडत नाई. त्याले पाच वाजेपर्यंतच टाइम हाय. आधी थ्यावर करा."

"तुम्ही मला अटी घालताय?"

"अटी कायच्या सर. मी तं कागद सरळ लावून राह्यली. ग्रंथालयात म्हणत होते, बाई उलटे लावीन."

सरांनी देवमनभाऊंकडे पाहिलं. देवमनभाऊंनी शिक्का आणि शाईचं पॅड आधीच खिशातून काढून टेबलावर ठेवलं होतं, आणि आता ते खिडकीबाहेरच्या मंडपाकडे फार लक्ष देऊन बघत होते. बाहेर दामिनीची गाडी थांबल्याचा आवाज आला. ढोल वाजायला लागला. सरांनी आधी प्रतीक्षाच्या फॉर्मवर सही केली, शिक्का मारला. मग पिवळ्या फॉर्मवर, सही जास्त मोठी आणि शिक्का जास्त शाईचा.

जयवंता व्हरांड्यात प्रतीक्षाकडे आली. "धर. मार्कशीट लावली? शाळेचा दाखला? मंग जा. गाडी सांभाळून चालवजो, पण लवकर चालवजो."

"मावशी, तुमी चाला ना."

"मले शालीचं तबक धराचं हाय. आवक शिक्का मारल्याबिगर खिडकी सोडू नको."

सत्कार नेहमीसारखा झाला. म्हणजे ज्यांचा खेळाशी काही संबंध नव्हता, ते सगळे खेळाबद्दल बोलले. एका विश्वस्तांनी सांगितलं, की तेही लहानपणी कबड्डी खेळायचे आणि दामिनीला पाहून त्यांना स्वतःची आठवण येते. दामिनी उंच झाली होती, खांदे भरले होते. ती खुर्चीत शांत बसली होती आणि मंचाच्या कडेला तबक धरून उभ्या जयवंताकडे अधूनमधून बघत होती. जयवंता घड्याळाकडे बघत होती. चार झाले. साडेचार झाले.

शेवटी टवलारे सर माइकपुढे आले. त्यांनी पिवळा फॉर्म उंच धरला. "हा तो ऐतिहासिक दस्तऐवज. याच फॉर्मवर आमची दामिनी या कॉलेजकडून मैदानात उतरली." टाळ्या झाल्या. त्यांनी फॉर्म दामिनीच्या हातात दिला, फोटोसाठी.

दामिनीने तो वाचला. सावकाश, खालपर्यंत. मग शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा बघितला.

"हा फॉर्म माझाच हाय," ती माइकमध्ये म्हणाली. "अक्षर माझं, फोटो माझा. माझे कान असेच होते. या फॉर्मची वाट पाहत मी त्या व्हरांड्यात उभी होती, आठ वर्सं झाले. आज सही झाली. शिक्क्याची शाई अजून ओली हाय. सर, तुमचे आभार. उशीर झाला, पण केली तुमी."

मंडपात क्षणभर कोणाला कळेना, हसावं की टाळ्या वाजवाव्यात. आमच्याकडे असं झालं की टाळ्या वाजवतात. टवलारे सरांनीही वाजवल्या. मागच्या रांगेतून पोरांनी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या फलकावर खाली एक ओळ वाढली, "वेळेवर सही करणारं महाविद्यालय." त्यांनीही शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला केली होती, हे दामिनीने जयवंताला मागाहून सांगितलं. पण ते फलकात बसलं नसतं.

त्या शनिवारी मंडपात, पाच वाजायला सात मिनिटं असताना जयवंताचा फोन वाजला. तबकात नारळ होता, हातात तबक होतं. तिने नारळासकट तबक विश्वस्तांच्या मांडीवर ठेवलं आणि मंचामागे गेली.

"घेतला का?"

"घेतला मावशी, लाइन लय लंबी होती. थे म्हणे फोटो थोडा छोटा हाय. मी म्हटलं, मी बी छोटीच हाओ."

"शिक्का?"

"मारला. पोच देल्ली."

जयवंता तिथेच मंडपाच्या बांबूला टेकली. काही वेळाने दामिनी मंचामागे आली आणि तिच्या शेजारी टेकून उभी राहिली. हातात तो पिवळा फॉर्म होता, चार घड्या घातलेला.

"मावशी, तुमी ठेवला होता?"

"हो. तवाच घेऊन जाले पाह्यजे होतं मी. खण उघडा होता."

"माहीत हाय मले," दामिनी म्हणाली. "मी बी पाह्यला होता खण. मले बी हिंमत नाई झाली." आणि तिने फॉर्म आपल्या बॅगेत टाकला.

सोमवारी सकाळी जयवंता मैदानावर सुतळी ताणत होती, तर सर स्वतः चालत आले. मैदानावर ते किती वर्षांनी आले होते, त्यांनाच माहीत. बूट चुन्यात भरले.

"जयवंताबाई, तो फॉर्म कुठे आहे? समितीच्या फाइलीत लावायचा आहे."

"थो दामिनी घेऊन गेली सर. म्हणे, माझा हाय."

सरांनी बूट झटकून बघितले. मग म्हणाले, "आता पुरावा काय लावायचा?"

जयवंताने कमरेच्या पिशवीतून प्रतीक्षाच्या फॉर्मची पोच काढली. विद्यापीठाचा शिक्का, तारीख, वेळ, चार वाजून एकावन्न मिनिटं. तिने ती सरांच्या हातात दिली नाही, नुसती दाखवली.

"याची झेरॉक्स काढून लावा," ती म्हणाली. "ही पोट्टी खरीच खेळणार हाय. अन् सर, जरा बाजूले व्हा, तुमी बोनस रेघीवर उभे हा."