मागे, डावीकडे

जुन्या क्लबने आपल्याला काढलंय, हे खांबला कपडे धुणाऱ्या काकांकडून कळलं.

काका क्लबच्या तळघरात बसत. दोन मोठी मशीन, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला खुंट्या. प्रत्येक खेळाडूची एक खुंटी. खांबला हे नाव उंचीमुळेच पडलेलं; त्याच्या जर्सीला खालून चार बोटं जादा कापड जोडलेलं असायचं. नाहीतर हात वर केला की पोट उघडं पडायचं. ते कापड त्याची बहीण जोडून द्यायची. त्या दिवशी काकांनी जर्सी हातात धरली आणि विचारलं, "ही पट्टी उसवू का रे? नवा पोरगा तुझ्याएवढा उंच नाही म्हणतात."

"कोण नवा पोरगा?"

काकांनी जर्सीकडे पाहिलं. मग मशीनकडे. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला सांगितलं असेल."

हे तो मला पुष्कळदा सांगायचा. चिडून नाही. काका बिचारे किती ओशाळले, हेच सांगायचा. शेवटी म्हणायचा, "त्यांनी मला चहा पाजला. क्लबच्या सरांनी तोही नाही."

मी त्याच्या बहिणीच्या घरात, वरच्या खोलीत भाड्याने राहतो. तो दोन गल्ल्या सोडून एकटा राहायचा, पण जेवायला रोज इथेच. मी त्याला दादा म्हणतो. तो मला एम.ए. म्हणतो. साहित्य शिकून मी काय करतो, हे त्याला कधी नीट कळलं नाही. तो चेंडूमागे का धावतो, हे मलाही कळत नव्हतं. त्यामुळे आमचं जमलं.

तरुणपणी तो एका हार्डवेअरच्या दुकानात होता. वरच्या फळीवरचे डबे काढायला त्याला शिडी लागत नसे. एकदा बास्केटबॉलचे एक सर खिळे घ्यायला आले. खिळे घेतले आणि त्यालाही घेऊन गेले. पहिल्याच दिवशी त्याला बास्केटखाली उभं केलं आणि म्हणाले, "इथे उभा राहा. हात वर."

"अजून तिथेच आहे," तो म्हणायचा.

सेंटरचं काम असंच असतं. बास्केटखाली उभं राहायचं. चुकलेला चेंडू चारचौघांच्या डोक्यावरून ओढून घ्यायचा. आणि आपला माणूस चेंडू घेऊन पळत असेल, तर त्याच्या मागे लागलेल्याच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं. याला स्क्रीन म्हणतात. हलायचं नाही. हललं की फाउल. समोरचा पूर्ण वेगात येऊन छातीवर आपटतो. "दारावरही लोक असेच आपटतात," तो म्हणायचा, "फक्त दाराला पगार नसतो."

तो ज्याच्यासाठी असा उभा राहायचा, तो माणूस म्हणजे दाजी. बुटके, चपळ, सतत बोलणारे. दोघे एकाच मोसमात क्लबमध्ये आले. पुढे दाजींनी खांबच्या बहिणीशी, म्हणजे ताईंशी लग्न केलं. लग्नानंतरच्या पहिल्याच सामन्यात खांबने मैदानावर चुकून हाक मारली, "दाजी, इकडे दे." समोरचा संघ हसला. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे खेळाडू, पंच, पाणी वाटणारे, सगळेच त्यांना दाजी म्हणतात. तरी खांबचा एक नियम होता. मैदानावर अरे-तुरे, घरात अहो-जाहो. उंबरठा ओलांडला की त्याचा आवाजही बदलायचा. दाजी म्हणायचे, "बाहेर मला शिव्या घालतो आणि आत आला की पाट मांडतो."

सामना सुरू होताना पंच मधल्या वर्तुळात चेंडू सरळ वर फेकतो. दोन्ही संघांचे सेंटर उडी मारतात. ज्याचा हात आधी लागेल तो चेंडू आपल्या माणसाकडे ढकलतो. खांब कायम मागे, डावीकडे ढकलायचा. बघायचा नाही. तिथे दाजी असायचे. चेंडू घेऊन ते सुटले की खांब वळायचा आणि त्यांच्या मागे लागलेल्याच्या वाटेत जाऊन उभा राहायचा. वर्षानुवर्षं प्रत्येक सामना असाच सुरू झाला.

मग ती पट्टी उसवली गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबने त्याला घेतलं. अर्धा मोसम खेळवू, मग बघू, अशा बोलीवर. तिथले सर त्याच्याहून वयाने लहान. ताईंनी नव्या जर्सीला पट्टी जोडली. रंग जुळला नाही. "लांबून कळत नाही," त्या म्हणाल्या. लांबूनच जास्त कळायचं.

सरावाला तो दोन बस बदलून जायचा. कधीकधी मीही असायचो. त्याचे पाय वाटेत यायचे आणि येणारे-जाणारे ते ओलांडून जायचे. कुणीतरी विचारायचंच, "वर हवा कशी आहे?" पूर्वी म्हणे त्याच्याकडे या प्रश्नाला बरीच उत्तरं होती. आता तो "बरी आहे" म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. जिना तो उलटा उतरायचा, कठडा धरून. समोर तोंड करून उतरलं की गुडघे मोडतील असं वाटायचं, म्हणायचा. घरी आल्यावर दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या. ताई भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "लांब्या, फरशी पूस नंतर."

एकदा बसमध्ये मी विचारलं, "अजून किती दिवस, दादा?"

"मला राहायचंय असं नाही रे, एम.ए. दमलो मी. फक्त या वेळी मी सांगणार. त्यांनी सांगायच्या आधी. कपडे धुणाऱ्याकडून नको आता."

"मग आजच सांगा."

"जुन्या क्लबशी सामना आहे पुढच्या आठवड्यात. त्याआधी सांगितलं तर पळाला म्हणतील." मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "तो नीट झाला की सांगतो. नीट झाला पाहिजे मात्र. खराब खेळलो तर तेच आधी बोलतील."

सामना दुपारी होता. सभागृह अर्धं भरलेलं. मी ताईंच्या शेजारी बसलो होतो. ताईंचा भाऊ एका रंगात, नवरा दुसऱ्या. "मी कुणासाठी टाळ्या वाजवायच्या?" त्यांनी मला विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "पर्स धरून बसते."

खेळाडू वर्तुळाभोवती उभे राहिले. पंचाने चेंडू वर फेकला. खांबने उडी मारली. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्याला एवढं उंच गेलेलं पाहिलं नव्हतं. चेंडूला आधी त्याचाच हात लागला. त्याने तो ढकलला. मागे, डावीकडे.

तिथे दाजी होते.

समोरच्या संघाचे दाजी. चेंडू त्यांच्या हातात पडला आणि ते खांबच्याच बास्केटकडे सुटले. खांबच्या संघाचा एक तरुण खेळाडू त्यांच्या मागे धावला. खांब वळला, दोन पावलं टाकली आणि त्या तरुणाच्या वाटेत जाऊन उभा राहिला. पाय रोवून, हात छातीशी. इतकं नीट उभं राहणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. पोरगा पूर्ण वेगात त्याच्यावर आपटला आणि खाली पडला. दाजींनी चेंडू अलगद बास्केटमध्ये टाकला.

क्षणभर कुणीच हसलं नाही. लोकांना कळायला वेळ लागला. मग सगळं सभागृह हसलं.

खांब तसाच उभा होता. मग त्याने खाली पाहिलं. त्याच्या पायाशी त्याच्याच रंगाची जर्सी पडली होती आणि पोरग्याच्या नाकातून रक्त येत होतं. त्याने वाकून त्याला उठवलं. सरांनी हात केला. तो बाकावर जाऊन बसला आणि टॉवेल डोक्यावर घेतला. उरलेला सामना तो टॉवेलखालीच होता.

ताई पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

सामना संपल्यावर मी त्याची पिशवी घ्यायला खेळाडूंच्या खोलीत गेलो. तो बाकड्यावर अनवाणी बसला होता, गुडघ्यांवर बर्फ. बाकीचे अंघोळीला गेले होते. नाकात कापूस घातलेला पोरगा जाता जाता म्हणाला, "दादा, स्क्रीन मात्र भारी होता हं." खांब म्हणाला, "दुखतंय का?" पोरगा म्हणाला, "हसलो की दुखतंय."

दार उघडं होतं. लांब बोळाच्या त्या टोकाला सर दिसले. व्यवस्थापकांशी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं, मान हलवली आणि निघाले. आमच्याच दिशेने.

खांबनेही ते पाहिलं.

तो उठला. बर्फाच्या पिशव्या खाली पडल्या, एक फुटली. दाराची चौकट धरून तो बोळात आला आणि भिंतीला हात लावत चालायला लागला. सर भरभर येत होते. हा एकेक पाय उचलून ठेवत होता. मी मागे पिशवी घेऊन. त्याला हात द्यावा की नाही, मला समजेना. दिला नाही.

बोळाच्या मध्यावर दोघे समोरासमोर आले. सरांनी तोंड उघडलं. "हे बघ, मला तुझ्याशी…"

"सर, आधी मी," खांब म्हणाला. त्याला धाप लागली होती. "उद्यापासून मी येत नाही. खेळणं थांबवतोय."

सर मग म्हणाले, "मी सोमवारी सांगणार होतो."

"म्हणून आज सांगितलं."

"आणि आत्ता? आत्ता मी कशाला येत होतो वाटलं तुला?"

खांबने भिंतीवरचा हात काढला.

"गुडघा बघायला येत होतो," सर म्हणाले. त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. "बरं. पाय पूस आधी, घसरशील."

घरी आम्ही बसनेच आलो. तो खिडकीशी बसला. वर हवा कशी आहे, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

दाजी आधीच आले होते. ताटं मांडली होती. ताई पोळ्या लाटत होत्या, पाठमोऱ्या. खांब वाकून दारातून आत आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तू तिथे का उभा होतास?"

त्या घरात त्याने दाजींना तू म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ताईंचं लाटणं थांबलं.

दाजींनी समोरचं ताट थोडं सरकवलं.  "मला पलीकडे उभं राहायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "पुढे, उजवीकडे. कालपासून बजावत होते. चेंडू हातात आला तेव्हा मला कळलं, मी कुठे उभा आहे."

"मुद्दाम नाही?"

"अरे, मुद्दाम म्हणून सगळे पाठ थोपटतायत. काय डोकं लावलंत दाजी, म्हणे. कुणाला सांगू, मी डोकं लावलंच नव्हतं?" त्यांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "बास्केट झाल्यावर मी वळून तुला टाळी द्यायला हात वर केला होता. पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग खाली घेतला."

"तेही पाहिलं."

 खांबने पिशवीतून जर्सी काढली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. "ताई, ही पट्टी उसवून दे. जर्सी परत द्यायचीय."

ताई पिठाच्या हातांनी वळल्या. त्यांनी जर्सीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"तू सांगितलंस, का त्यांनी?"

"मी."

"नक्की?"

"विचार एम.ए.ला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"उद्या उजेडात उसवते," ताई म्हणाल्या. "आता जेव."

दाजींनी भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं, न बघता.