डोळ्यातला कचरा

मॅडमनी ते मुंडकं गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून, वर पट्टा लावून आणलं होतं. शारजात अल मजाजला त्यांचं घर, आणि तिथून अजमानच्या आमच्या वर्कशॉपपर्यंत त्या शेजारी एक पांढरीफटक पोर घेऊन आल्या. छातीपासून वरची, प्लास्टरची, सहा-सात वर्षांची मुलगी. मी पट्टा सोडवायला लागलो तर म्हणाल्या, "हळू हं, एक कान ऑलरेडी गेलाय." बाई मराठी निघाल्या याचाच मला इतका आनंद झाला, की कान राहिला बाजूला.

आमचं वर्कशॉप म्हणजे व्हिलांचे खांब, कमानी, कारंजी, सिंह आणि घोडे ओतायची जागा. मी मूळचा पेणचा. घरी गणपतींचा कारखाना आहे आणि आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, वडील स्वतः करतात. लहानपणापासून मीही त्यांच्या शेजारी बसून डोळे केले. चार वर्षांपूर्वी चारचौघांत ते म्हणाले, "तुझे गणपती दचकल्यासारखे बघतात." मला ते इतकं लागलं की मी ब्रश ठेवला आणि इकडे निघून आलो. इथे सिंहाचे डोळे साच्यातूनच येतात, त्यांना कोणी नावं ठेवत नाही.

आणि मॅडम आल्या त्याच उन्हाळ्यात वडिलांचा फोन आला. "हात कापतो माझा. या वर्षीचे डोळे तू येऊन कर." एवढंच बोलले. सव्वाशे मूर्ती रंगून तयार, फक्त डोळे कोरे. दुसऱ्या कोणाला ते हात लावू देणार नव्हते. मला त्या क्षणी घरी पळावंसं वाटलं. रजा मागायला गेलो तर आमचा केरळचा फोरमन म्हणाला, "पहले मॅडम का काम खलास करो, वो साइन करेगी, फिर छुट्टी. इन्शाल्ला." त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ हो की नाही, हे मला चार वर्षांत कळलेलं नाही.

मॅडम शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांना त्या मुलीची पांढऱ्या सिमेंटमधली एक प्रत हवी होती, मुलांना बिनधास्त हात लावता यावा म्हणून. ही प्लास्टरची मुलगीही नक्कलच; मूळ शिल्प अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच शिल्पकाराचं, आणि ती त्याची सख्खी मुलगी. त्याचं नाव मॅडमनी मला तीनदा सांगितलं. लिहितात एक आणि म्हणतात भलतंच, त्यामुळे मी त्याला आपला 'तुमचा फ्रेंच माणूस' म्हणायचो. त्या येता-जाता त्याच्या गोष्टी सांगायच्या आणि माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा.

त्याचा बाप म्हणे शिल्पकला शिकवणाऱ्या संस्थेत राखणदार होता, म्हणून पोरगा मातीतच वाढला. इथपर्यंत मला सगळं ओळखीचं वाटलं. पुढे तो रोमला गेला आणि कातडं सोललेला माणूस घडवला, सगळे स्नायू दिसतील असा. कशासाठी? तर शिकण्यासाठी. मग राजांचे, विचारवंतांचे, ज्याचे मिळतील त्याचे चेहरे केले. एका सेनापतीच्या तोंडाचं माप घ्यायला महासागर ओलांडून गेला आणि त्या मोठ्या माणसाच्या तोंडावर चक्क ओलं प्लास्टर थापलं. तिकडे क्रांतीत राजाचं डोकं उडालं त्या धामधुमीत त्याच्याकडे एका संतीणबाईची मूर्ती होती आणि देवाधर्माचं काही ठेवणं जिवावरचं झालं होतं. तेव्हा त्याने ती संतीण नाही, तत्त्वज्ञान आहे, असं सांगून टाकलं म्हणे.

"मूर्ती तीच?" मी विचारलं.

"तीच. फक्त नाव बदललं. निदान स्टोरी तरी अशी आहे."

"मग ती मुळात होती कोण?"

मॅडम हसल्या. मला मात्र हसू येईना. आमच्याकडे सोंड कुठे वळलीय यावरून गिऱ्हाईक परत जातं, आणि इथे आख्खी संतीणच बदलते. शिवाय आमची मूर्ती दीड दिवसाने नाहीतर दहा दिवसांनी पाण्यात जाते, आणि हा माणूस पोटच्या पोरीचं मुंडकं कायमचं ठेवून गेला. यातलं बरोबर काय, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

कान जोडून झाल्यावर मी साच्याआधी मॅडमचं प्लास्टर साफ करायला घेतलं. तेव्हा डोळे नीट पाहिले. बुबुळांच्या जागी खोल खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यात वरच्या कडेला चिकटून एकेक बारीक दाणा. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की ओतलेल्या वस्तूवर असा दाणा येतो, हे आमच्यातल्या कोणालाही विचारा. दाणा दिसला की कानस मारायची. मी मनात त्या फ्रेंच कारागिराला चार शब्द सुनावले, दोन्ही दाणे घासून काढले, फुंकर मारली, रबराचा साचा घेतला आणि प्रत ओतली. काम सुरेख झालं होतं. मी बॅगही काढून ठेवली.

मॅडम आल्या आणि प्रतीसमोर उभ्या राहिल्या. वाकून जवळून पाहिलं. मग म्हणाल्या, "ही आंधळी का दिसतेय?"

मग त्यांनी आपल्या प्लास्टरच्या मुलीकडे पाहिलं. तीही तशीच.

"डोळ्यातले ते बारीक दाणे कुठे गेले?"

"काढले की. कचरा होता, मॅडम."

"अहो, कचरा नाही तो! तो उजेड आहे. डोळ्यात चमकतो ना, तो. सगळी दुनिया त्याच्या डोळ्यांसाठी त्याला ओळखते हो!"

आखणीत काळ्या बुबुळावर सगळ्यात शेवटी पांढरा ठिपका टाकतात. तो पडला की मूर्ती बघायला लागते. मी तसे हजारो ठिपके टाकले असतील. तोच ठिपका रंगाशिवाय करायचा म्हणून त्या माणसाने दाणा ठेवला होता, आणि मी, पेणचा, आखणीवाल्याचा मुलगा, कानस घेऊन तो उडवून बसलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "माझी मुलगी एवढी होती तेव्हा पॅरिसहून मांडीवर आणली होती ही. आता लेक कॅनडात असते. मी मराठीत विचारते आणि ती इंग्लिशमध्ये आन्सर करते."

फोरमन म्हणाला, "साइन नहीं, छुट्टी नहीं." या वेळी पुढे इन्शाल्लाही नव्हतं.

दोन दिवस मी प्लास्टरचे दाणे करून मॅडमच्या मुलीच्या डोळ्यांत मेणाने चिकटवत होतो. दाणा मोठा झाला की डोळ्यात फूल पडल्यासारखं दिसे. खाली सरकला की पोर रडवेली होई. उजवीकडे नेला की ती तिरळी. मॅडमनी फोनवर जुना फोटो पाठवला होता, पण तो इतका लांबून काढलेला, की त्यात दाणा दिसतोय का मलाच भास होतोय, तेही कळेना. शेवटी मान खाली घालून दुपारच्या सुट्टीत वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. नेहमीसारखा स्क्रीनवर त्यांचा कान आला. त्यांना फोन कानालाच लावायची सवय, त्यामुळे कित्येक महिने मी वडिलांशी बोलत होतो ते त्यांच्या कानाशीच.

मी कॅमेरा मुलीच्या डोळ्यांसमोर धरला आणि झालेला सगळा घोळ सांगितला. "बाबा, ठिपका बसत नाहीये. बघा ना जरा."

स्क्रीनवरचा कान बाजूला झाला, क्षणभर कारखान्याचं छप्पर दिसलं आणि कान परत आला. मग म्हणाले, "कोणाकडे बघतेय ती?"

बस, एवढंच. मला वाटलं, याला म्हणतात जाणकार! मी दोन दिवस दाण्याकडे बघत होतो आणि यांनी एका वाक्यात मुद्द्यावर बोट ठेवलं. ती कोणाकडे बघणार? समोर बाप बसलाय, हात मातीत, तिला सारखं 'हलू नकोस' सांगतोय. ती बापाकडे बघतेय. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो, तो बसला असेल तसा, आणि माझ्याकडे नजर येईपर्यंत दाणा केसाएवढा सरकवत राहिलो. तिसऱ्या खेपेला ती बघायला लागली. मी खरंच मागे सरकलो.

"बाबा, बसला! तुमचे डोळे दाखवा बरं, तुमच्या डोळ्यातला उजेड कुठे पडतो ते बघून दुसरा पक्का करतो. फोन कानाचा काढा, तोंडासमोर धरा."

"राहू दे आता."

"धरा हो, एक मिनिट."

त्यांनी फोन समोर धरला. मी ठिपका शोधायला लागलो. तो मिळेना, कारण दोन्ही बुबुळंच पांढुरकी झाली होती. पांढऱ्यावर पांढरा ठिपका दिसणार कुठून? ते माझ्याकडे बघत होते असं म्हणता येणार नाही. जरा बाजूला, आवाज येत होता त्या दिशेला तोंड करून होते. तो प्रश्न जाणकाराचा नव्हता. त्यांना ती मुलगी दिसलीच नव्हती.

"बाबा, हात दाखवा."

त्यांनी हात पुढे केला. अजिबात कापत नव्हता.

"मोतीबिंदू आहे रे, हंगाम झाला की ऑपरेशन करू," ते घाईघाईने म्हणाले. "हात कापतो सांगितलं की लोक समजून घेतात. आखणीवाल्याला दिसत नाही हे कसं सांगायचं?"

दाणे पक्के करून मी नवा साचा घेतला आणि प्रत पुन्हा ओतली. मॅडमनी दोन्ही मुली निरखून पाहिल्या आणि सही केली. जाताना पट्टा मी स्वतः लावला.

पेणला पोचलो त्याच दुपारी पहिली मूर्ती पुढ्यात घेतली. वडील समोर पाटावर येऊन बसले. पापणीची रेघ, बुबुळ, आणि शेवटी ठिपका. ब्रश पाण्यात बुडवल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"झाला?"

"झाला."

"दचकलाय का?"

जन्मात पहिल्यांदा ते मला विचारत होते.

"नाही, बाबा."

"मग कोणाकडे बघतोय?"

"तुमच्याकडे," मी म्हटलं.

ते पाटावर जरा सरळ होऊन बसले.