मामा, कसं झालंय विचारू नका!

लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्यांकडं सीझनभरात दोन गोष्टी साठतात. उरलेले द्रोण आणि किस्से. द्रोण पुढच्या लग्नात खपतात. किस्से कुठं खपवायचे? म्हणून तुम्हाला धरून बसवलंय. चहा घ्या.

बेंबळीत माझं मंडप-भांड्यांचं काम. सोबत जेवणाच्या ऑर्डरी घेतो. लोकांशी बोलायचं मी, पुऱ्या शोभाताईंच्या आणि बाकी सगळा स्वयंपाक दत्तूमामांचा. मामांच्या येसराच्या, म्हणजे डाळी-मसाले भाजून दळलेल्या पिठाच्या, आमटीवर आमचा धंदा उभा आहे. पण माणूस म्हणजे ताप! नाव ठेवलं की फुगणार, कौतुक केलं की त्याहून जास्त फुगणार. वर ही सवय, की पंगत बसली रे बसली, पानापानाशी जाऊन विचारणार, "कसं झालंय?"

मी कितीदा सांगितलं, "मामा, विचारू नका हो!" ऐकतील तर शपथ.

*

परंड्याला नवरदेवाचे चुलते एवढंच म्हणाले, "आमटी जरा पातळ वाटतीय."

मामांनी झारा ठेवला आणि टेम्पोत जाऊन बसले. दुसरी पंगत पानावर, भजी कढईत, आणि आचारी टेम्पोत! मी हात जोडले, उपयोग शून्य. शेवटी चुलतेच वाटी घेऊन टेम्पोपाशी आले. सगळ्यांसमोर आमटी घटाघटा प्यायले.

मामांनी खिडकीतून विचारलं, "आता घट लागली का?"

*

ढोकीला उलटंच झालं. नवरीचे वडील खूश होऊन म्हणाले, "मामा, भज्यातला ओवा एक नंबर!"

झालं. पुढच्या लग्नात वांग्यात ओवा, भातात ओवा. मी बुंदीचा घाणा बघायला गेलो तर त्यातही ओवा! डोक्याला हात लावला. म्हटलं, आता नवरदेव ताट भिरकावतो.

नवरदेवानं बुंदी खाल्ली, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सकाळपास्नं पोट गच्च हुतं. आता बरं वाटतंय."

मामा अजून ते सर्टिफिकेट मिरवतात.

*

मग मी डोकं चालवलं. लोकांचं जे काही असेल ते आधी मी ऐकणार, गाळून घेणार आणि मग मामांना सांगणार. हात धुवायच्या ड्रमपाशी उभा राहिलो. एक आजी आल्या. डोळ्यांतून पाणी. "आरं, वांगं हाय का इस्तू?"

मी मामांना जाऊन सांगितलं, "मामा, वांग्याची लई चर्चा चाललीय. एका आजींच्या तर डोळ्यांत पाणी आलं!"

मामा गहिवरले. त्यांनी वांग्याची अख्खी बादली आजींच्या घरी पोचवली!

*

शोभाताईंचं तंत्र वेगळं. कुणी काही म्हणो, त्यांचं उत्तर एकच. एकीनं सांगितलं, "पुरी चिवट झालीय." ताई म्हणाल्या, "व्हय की." तिच्या शेजारणीनं सांगितलं, "पुरी लई मऊ." ताई म्हणाल्या, "व्हय की."

मी वैतागलो. "ताई, खरं काय ते तरी सांगा!"

"दोगींचे दात येगळे, सलीमभाऊ."

हे मामांना शिकवा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मी पुऱ्या लाटती, मानसं न्हाय."

*

गेल्या सीझनला मात्र डोक्यावरून पाणी गेलं. मामांनी जाहीरच केलं, "आता एकदा जरी कुनी नाव ठिवलं, तर झारा खाली. कायमचा!" म्हणजे मामा घरी, शोभाताई घरी आणि मीही घरी. माझी झोप उडाली.

नेमकं पुढचं लग्न आमच्याच गावातल्या आबांच्या नातीचं. आबा म्हणजे तोंडावर बोलणारा माणूस. आणि मामांचा नेम असा की नैवेद्य दाखवल्याशिवाय कशाचीही चव घ्यायची नाही. मीठ सगळं अंदाजानं. तो अंदाज आजवर चुकला नव्हता.

पण त्या दिवशी नवरीचा मावसभाऊ मोबाईल घेऊन चुलीपाशी आला. "मामा, काय हात हाय तुमचा! मीठ टाकतानाची रील बनवू!" आमटीत मीठ तर आधीच पडलेलं. पण कौतुक झाल्यावर मामा थांबतात होय! टोपी सरळ केली आणि मूठभर मीठ वरून सोडलं. पोरगा म्हणाला, "आजून एक, जरा स्लोमध्ये." मामांनी अजून एक सोडली!

शोभाताई धावत मला सांगायला आल्या, तोवर नैवेद्य होऊन पंगतीत आमटी वाढून झाली होती. पंगतीनं पहिला घास घेतला. सगळे पाण्याचे ग्लास शोधायला लागले. आणि मामा, नेहमीसारखे, थेट आबांसमोर. "आबा, कसं झालंय?"

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, संपलं आपलं.

आबा सावकाश पाणी प्यायले. शेजारचा पाट थोपटला. "दत्तू, आयुष्यभर लोकास्नी वाढलंस. आज माझ्यासंगं बस."

मामा बसले. आबांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या भातावर आमटी वाढली. मामांनी घास घेतला. चेहरा पांढरा पडला. सगळी पंगत त्यांच्याकडं बघायला लागली. माझी नजर झाऱ्यावर.

आबांनी विचारलं, "कसं झालंय?"

मामांनी घास गिळला. ग्लासभर पाणी प्यायले. मग मांडवभर ऐकू जाईल असं ओरडले,

"आचारी कोन हाय रं? बोलवा त्याला हिकडं!"